बशीतली त्वचा आणि वॉर्डातली माणसे

१९८७ सालची गोष्ट. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. ठेवीदार मरण पावला की त्याच्या खात्यावरील शिल्लक वारसाला देण्याची प्रकरणे माझ्या टेबलावर येत. नामनिर्देशनाचे नियम दोनच वर्षांपूर्वी, १९८५ साली आले होते. फॉर्मवर नॉमिनीचे नाव असले, मृत्यूचा दाखला जोडलेला असला आणि सही जुळली, की दहा मिनिटांत प्रकरण निकालात निघे. त्या दिवशी आलेले खाते एका बाईचे होते. वय बावीस. शिवणकामाचे पैसे ती पाच-दहा रुपयांनी भरत असे. शिल्लक ४१२ रुपये. नॉमिनी नवरा. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलेले नसते. ते चहा घेऊन आलेल्या शिपायाने हळूच सांगितले, ‘साहेब, ती स्टोव्हच्या भडक्याची बाई.’

नवरा समोर बसला होता. ‘विझवायला धावलो, पण उपयोग झाला नाही,’ असे त्याने आपण होऊनच सांगितले. नोटा मोजून घेताना त्याचे हात मला दिसले. त्यांवर एकही फोड नव्हता. मी काही विचारले नाही. बँकेच्या नियमात ते बसतही नव्हते. व्हाउचरवर सही केली, लेजरच्या पानावर लाल शाईने दोन रेघा ओढल्या आणि खाते बंद केले. निष्कर्ष काढण्याचा मला अधिकार नव्हता, आजही नाही. पण पुढे कथा-कादंबऱ्या लिहू लागल्यावर त्या दोन रेघा अनेकदा आडव्या आल्या. प्रत्येक वेळी मी त्यांना वळसा घालून पुढे गेलो.

हे सारे आज आठवण्याचे कारण वेगळेच आहे. गेली काही वर्षे वृत्तपत्रांतून आणि विज्ञानविषयक नियतकालिकांतून प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेविषयी वाचायला मिळते. काचेच्या नाहीतर प्लास्टिकच्या बशीत माणसाच्या त्वचेच्या पेशी वाढवायच्या, त्यांचा थर तयार करायचा, त्याला मुद्दाम चटका द्यायचा आणि भाजल्यावर त्वचेत नेमके काय घडते ते पाहायचे, असे हे संशोधन आहे. आता त्याला कायद्याचेही पाठबळ मिळाले आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती काढली. पाठोपाठ मार्च २०२३ मध्ये भारत सरकारनेही नव्या औषधांच्या चाचणीचे नियम दुरुस्त केले आणि प्राण्यांऐवजी मानवी पेशींवर आधारित चाचण्यांचा पर्याय मान्य केला. म्हणजे ही बशीतली त्वचा आता सरकारदरबारी साक्षीदार म्हणून उभी राहू शकते. ज्या देशात जळालेल्या बाईची स्वतःची साक्ष एवढ्या वेळा वाया गेली, त्या देशात या नव्या साक्षीदाराचे मोल काय, असा प्रश्न मला पडला. त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न. मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही. आयुष्यभर हिशेब तपासले, तेवढ्याच सवयीच्या बळावर लिहितो आहे.

पेशी वाढू लागल्या त्याची कथा

प्रारंभ योगायोगाने झाला. हॉवर्ड ग्रीन हे अमेरिकी शास्त्रज्ञ उंदराच्या पेशींवर काम करत. १९६०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी आणि जॉर्ज टोडारो यांनी उंदराच्या गर्भातून पेशींचे एक वाण तयार केले. दर तीन दिवसांनी नव्या बशीत घालायच्या आणि दर वेळी तीन लाख, म्हणून त्याचे नाव ‘थ्री-टी-थ्री’. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ग्रीन आणि त्यांचे विद्यार्थी जेम्स ऱ्हाईनवाल्ड हे उंदरातील एका विशिष्ट गाठीचा अभ्यास करत असताना त्यांना बशीत भलत्याच पेशींची बेटे दिसली. त्या त्वचेच्या पेशी होत्या. एरवी त्या बशीत तग धरत नसत. इथे त्या जगल्या, कारण शेजारी थ्री-टी-थ्री पेशी होत्या. त्या शेजारणी त्यांना पोसत होत्या. मग किरणोत्साराने या दाईपेशींची वाढ थांबवायची आणि त्यांच्या संगतीत माणसाच्या त्वचेच्या पेशी वाढवायच्या, ही पद्धत बसली. १९७५ साली ती प्रसिद्ध झाली.

१९७९पर्यंत ग्रीन यांनी या पेशींचे सलग पापुद्रे तयार करून दाखवले. १९८१ साली बॉस्टनमधील शल्यचिकित्सकांनी असे पापुद्रे भाजलेल्या रोग्यांवर लावल्याचे प्रसिद्ध झाले. आणि १९८३ साली ती घटना घडली, जिने या विद्येला जगात नाव मिळाले. पाच आणि सहा वर्षांचे दोन भाऊ, अंग ९५ टक्क्यांहून अधिक भाजलेले. अशा रोग्याची अडचण साधी आणि भयंकर असते. भाजलेल्या जागी लावायला त्याच्याच अंगावरची चांगली त्वचा लागते, आणि ती उरलेलीच नसते. दुसऱ्याची त्वचा शरीर काही आठवड्यांत नाकारते. बॉस्टनच्या डॉक्टरांनी त्या मुलांच्या काखेतून त्वचेचे लहानसे तुकडे घेतले, ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत वाढवले आणि त्यातून मुलांच्या शरीराचा साधारण निम्मा भाग झाकला. मुले वाचली. पुढच्या वर्षी हा वृत्तान्त वैद्यकीय नियतकालिकात आला.

आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर नखाएवढ्या मुदलावर चादरीएवढे व्याज. पण व्याजाला मुदत लागते, तशी इथेही लागते. पापुद्रे तयार व्हायला साधारण तीन आठवडे जातात. भाजलेल्या माणसाला तीन आठवडे उघड्या जखमांनिशी जगवणे हेच तर अवघड असते. आणि तयार होतो तो केवळ वरचा थर, काही पेशींच्या जाडीचा, व्हॅसलिनच्या जाळीवर अलगद उचलून लावावा लागणारा. त्याखालची जाड, चिवट त्वचा त्यात नसते. त्यामुळे तो नाजूक राहतो, जंतुसंसर्ग झाला तर विरघळून जातो, पुढे त्यावर फोड येतात. चाळीस वर्षांनंतरही या उणिवा पुरत्या गेलेल्या नाहीत. जून २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका उत्पादनात दोन्ही थर असतात आणि ते आधीच तयार ठेवता येते. ते रोग्याच्या नव्हे तर परक्या पेशींपासून बनते, आणि रोग्याची स्वतःची त्वचा खालून भरून येईपर्यंत आधार देणे एवढेच त्याचे काम आहे.

चटक्याचा अभ्यास

पण या पेशींचा दुसरा उपयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तो उपचाराचा नव्हे, समजून घेण्याचा.

भाजणे म्हणजे काय, हे आपल्याला वाटते तितके उघड नाही. १९४७ साली मोरित्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी डुकरांवर आणि स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून तापमान आणि वेळ यांचा हिशेब मांडला. ४४ अंश सेल्सिअसला त्वचा मरायला सुमारे सहा तास लागतात. ६० अंशाला काही सेकंद पुरतात. १९५३ साली बर्मिंगहॅमचे शल्यचिकित्सक डग्लस जॅक्सन यांनी दाखवले की भाजलेल्या जागी तीन वर्तुळे असतात. मधले मेलेले. बाहेरचे लाल झालेले, ते आपोआप बरे होते. आणि या दोहोंमधले वर्तुळ अधांतरी असते. तिथला रक्तप्रवाह मंदावलेला असतो. पुढच्या एक-दोन दिवसांत ते जगेल किंवा मरेल. भाजलेल्या माणसाचे भवितव्य पुष्कळदा या मधल्या वर्तुळावर ठरते. कर्जखात्यांतही असेच असते. बुडालेली खाती कुणी वाचवू शकत नाही, चांगल्या खात्यांची काळजी नसते. खरी अक्कल लागते ती डळमळणाऱ्या खात्यांसाठी.

या वर्तुळातल्या पेशी का मरतात, हे जिवंत रोग्यावर कसे पाहणार? रोगी वेदनेत असतो, त्याच्या जखमेचे रोज तुकडे काढता येत नाहीत. प्रत्येकाचे वय, खोली, आग लागण्याचे कारण निराळे. म्हणून बशी. शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या त्वचेतून पेशी मिळतात. एकाच माणसाच्या पेशींपासून सारख्या जाडीचे अनेक तुकडे तयार होतात. ठरावीक तापमानाची धातूची कांडी ठरावीक सेकंद टेकवायची, मग तासातासाला पाहायचे. कोणत्या पेशी जागीच मेल्या, कोणत्या काही तासांनी, मरताना त्यांनी शेजाऱ्यांना कोणते रासायनिक निरोप धाडले, आणि जिवंत राहिलेल्या पेशी जखमेच्या कडेवरून आत कशा सरकू लागल्या. याहून साधा प्रयोगही आहे. पेशींच्या सलग थरावर बारीक नळीच्या टोकाने एक ओरखडा काढतात आणि दोन्ही काठांच्या पेशी एकमेकींकडे किती वेगाने येतात ते सूक्ष्मदर्शकातून मोजतात. भेग बुजवणाऱ्या औषधाची पहिली परीक्षा अशी होते.

व्रणांचेही तसेच. भाजून वाचलेली बाई आपण सर्वांनी पाहिलेली असते. हनुवटी छातीला चिकटलेली, कोपर वाकलेले, बोटे एकमेकांत जुळलेली. हे का होते? १९७९ साली युजीन बेल या शास्त्रज्ञाने दाखवले की खालच्या त्वचेतल्या पेशी कोलॅजेनच्या मऊ जेलमध्ये सोडल्या तर त्या ते जेल सगळीकडून ओढून घेतात आणि ते आकसत जाते. बेल यांनी याचा उपयोग त्वचा बनवण्यासाठी केला. पण जखम भरताना पेशींची हीच ओढ मर्यादेबाहेर गेली की मान छातीला जखडली जाते. बशीत आकसणारे जेल आणि वॉर्डातली वाकलेली मान यांच्यामागे एकच शक्ती आहे, हे वाचले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ती कशी रोखायची, याचा शोध त्या बशीतच घेतला जातो आहे.

आणि जनावरांचा भाग आहेच. वर्षानुवर्षे सशांच्या कातडीवर आणि डोळ्यांत रसायने टाकून त्यांची दाहकता मोजली जाई. मानवी पेशींपासून वाढवलेल्या त्वचेवरील चाचणीला २००४ साली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांत स्थान मिळाले. भारताने २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्या बंद केल्या. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. देशभरच्या प्रयोगशाळांना तिथून पेशींची वाणे पुरवली जातात. म्हणजे ही विद्या आपल्याला परकी नाही.

परकी ती तशी कधीच नव्हती. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक वृत्तान्त छापून आला. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ एका वीट भाजणाऱ्याने कपाळाच्या कातडीतून नवे नाक करून दिले, आणि इंग्रज वैद्यांनी ते पाहिले. त्यावरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कारप्यू यांनी लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि युरोपात आधुनिक प्लास्टिक सर्जरी रुजू लागली. त्या कारागिराचे नाव त्या वृत्तान्तात नाही. विद्या ज्याच्या हातात होती त्याच्या हातात लेखणी नव्हती.

साक्षीदाराच्या मर्यादा

असो. या बशीविषयी एवढे चांगले बोलून झाल्यावर दुसरी बाजू मांडली पाहिजे.

बशीतल्या साध्या त्वचेत रक्तवाहिन्या नसतात. जॅक्सन यांचे ते मधले वर्तुळ मुख्यतः रक्तप्रवाहावर जगते किंवा मरते, आणि बशीत रक्तच नाही. तिथे मज्जातंतू नाहीत, म्हणून वेदना नाही. घामाच्या ग्रंथी नाहीत. धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत. मोठ्या भाजण्यात संपूर्ण शरीर आजारी पडते, मूत्रपिंडे, फुप्फुसे, हृदय. बशीला फुप्फुसे नसतात. या उणिवा भरून काढण्याचे प्रयत्न चालू आहेत. कुणी त्या थरात रक्तवाहिन्यांच्या पेशी रुजवतो, कुणी बारीक नळ्यांतून द्रव खेळवतो. पण बशीत यशस्वी ठरलेले औषध माणसात यशस्वी होईलच, असे कुणीही जबाबदार संशोधक म्हणत नाही.

आणि एक गोष्ट कोणत्याही बशीत कधीच येणार नाही. ती म्हणजे स्वयंपाकघर.

२००९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात भारतातील जळून झालेल्या मृत्यूंचा एक अभ्यास आला होता. त्यानुसार २००१ या एका वर्षात देशात अंदाजे १ लाख ६३ हजार माणसे जळून मेली. त्यांपैकी १ लाख ६ हजार स्त्रिया होत्या, बहुतेक १५ ते ३४ या वयोगटातल्या. पोलिसांच्या दप्तरी जी नोंद होती, तिच्या सहापट हा आकडा होता. हिशेबनीस म्हणून मला दोन गोष्टी दिसतात. एक, आग जर केवळ अपघात असती तर ती वय आणि लिंग पाहून लागली नसती. दोन, ज्या खात्यात सहापैकी पाच नोंदी होतच नाहीत, ते खाते जुळवायचे कुणाच्या मनात नाही.

पुष्कळ काही बदलले हे मान्य केले पाहिजे. १९८३ साली ४९८-अ कलम आले, १९८६ साली हुंडाबळीचे ३०४-ब. १ जुलै २०२४पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, आणि ती कलमे नव्या क्रमांकांनी तिच्यात गेली. हुंडाबळीचे कलम आता ८० आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, गॅस खेड्यापाड्यांत पोहोचला, रॉकेलचा स्टोव्ह बव्हंशी घरांतून गेला. ‘स्टोव्हचा भडका’ हे दोन शब्द पूर्वी जेवढे काम करत, तेवढे आता करू शकत नाहीत. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. त्यांत उकळत्या डाळीच्या पातेल्यात हात घालणारी लेकरे आहेत, विजेच्या तारांशी काम करणारे मजूर आहेत, कारखान्यांतले कामगार आहेत. आणि ती बावीस वर्षांची बाईही आहे.

प्रयोगशाळेने स्वतःलाच वगळले तेव्हा

मग आपल्यासारख्या देशाने बशीतल्या त्वचेवर खर्च करावा की नाही? ‘आधी वॉर्डातले पंखे दुरुस्त करा,’ असे म्हणणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण एका उदाहरणाने माझे मत बदलले.

आपल्याकडे तंबाखूबरोबर खायच्या चुन्याच्या पुड्या पानपट्टीवर मिळतात. मुले त्यांच्याशी खेळतात, पुडी दाबताच चुना डोळ्यात उडतो आणि बुबुळ भाजते. हेही भाजणेच. बुबुळाच्या कडेला असलेल्या मूळपेशी मेल्या की बुबुळ पांढरे होते, नुसते नेत्ररोपण टिकत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत २००१पासून डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी चांगल्या डोळ्यातून कणभर ऊती घेऊन ती प्रयोगशाळेत वाढवली आणि भाजलेल्या डोळ्यावर लावली. शेकडो रोग्यांना दृष्टी मिळाली. पण प्रयोगशाळा महाग. मग त्याच मंडळींनी स्वतःला प्रश्न विचारला, की या पेशी वाढायला बशीच कशाला हवी? २०१२ साली त्यांनी नवी पद्धत जाहीर केली. त्या कणभर ऊतीचे बारीक तुकडे करून थेट डोळ्यावरच, गर्भवेष्टनाच्या पडद्यावर, पेरायचे. पेशी तिथेच वाढतात. प्रयोगशाळा लागत नाही, एका बैठकीत काम होते. ही पद्धत आज परदेशांतही वापरली जाते.

बशीत वर्षानुवर्षे घालवली म्हणून बशीशिवाय कसे चालेल हे कळले. त्याच मार्गाने ऑस्ट्रेलियातील पर्थच्या डॉ. फिओना वूड यांनी रोग्याच्या त्वचेच्या छोट्या तुकड्यातून पेशी सुट्या करून जखमेवर फवारण्याची पद्धत आणली. २००२च्या बाली बॉम्बस्फोटातल्या भाजलेल्यांवर त्यांनी उपचार केले. आता ती फवारणी शस्त्रक्रियागृहातच अर्ध्या तासात तयार होते, आठवडे थांबावे लागत नाही.

आपल्या मुंबईतही अशी काटकसरी बुद्धी होऊन गेली आहे. १९८०च्या दशकात डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या भाजलेल्या जखमांवर वापरल्या, आणि नुसत्या वापरल्या नाहीत तर त्यांचा रीतसर अभ्यास करून तो आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला. शीव रुग्णालयाच्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांची मलमपट्टी तशीच तपासली. केळीचे पान चिकटत नाही, पट्टी काढताना रोगी किंचाळत नाही. पानाचा गुण आजीला ठाऊक असतो. तो मोजून, लिहून, दुसऱ्याला पटेल असा मांडणे हे शास्त्र.

भाजल्यावर काय करावे, यातही तेच. आपण शाई ओततो, टूथपेस्ट फासतो, हळद-तूप लावतो. त्याऐवजी भाजल्या जागी साधे, वाहते, थंड पाणी वीस मिनिटे सोडावे, भाजल्यापासून तीन तासांपर्यंत त्याचा लाभ होतो, बर्फ लावू नये, हे आता पक्के झाले आहे. नळाच्या पाण्याचे पेटंट नसते. म्हणून त्याची जाहिरात कुणी करत नाही.

पेढी

आता शेवटचा मुद्दा. तो सांगणे मला सर्वांत जड जाते.

बशीतली त्वचा तयार व्हायला तीन आठवडे लागतात हे वर आलेच. ते तीन आठवडे रोग्याला झाकणार कोण? मृत माणसाची त्वचा. ती कायमची टिकत नाही, दोन-तीन आठवड्यांत शरीर ती नाकारते, पण तेवढ्या काळात पाणी आणि मीठ शरीराबाहेर झिरपणे थांबते, जंतूंना अटकाव होतो, वेदना कमी होते. १९८६ साली अमेरिकेत येल येथील डॉक्टरांनी आधी मृताची त्वचा लावून मग तिच्या उरलेल्या खालच्या थरावर बशीतले पापुद्रे लावले, आणि ते नीट रुजले. म्हणजे सर्वांत आधुनिक विद्येलाही सर्वांत जुनी माणुसकी लागते. कुणीतरी मेल्यावर आपली कातडी दिलेली असावी लागते.

मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने २००० साली त्वचापेढी सुरू झाली. भारतातली ती पहिली. पाव शतक लोटले. नंतर ऐरोलीच्या राष्ट्रीय बर्न्स सेंटरमध्ये पेढी झाली, इतर शहरांतही झाल्या. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठ यांवरून त्वचेचा अगदी पातळ पदर काढतात. रक्त वाहत नाही, चेहऱ्याला हात लावत नाहीत, पट्टी बांधून देह परत देतात. रक्तगट जुळावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये, थंड कपाटात ती त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते. एवढे सोपे आहे. तरी या पेढ्यांत शिल्लक कायम अपुरी. आयुष्यभर ठेवी गोळा केलेल्या माणसाला याचे कारण ठाऊक असायला हवे, आणि मला ते आहे.

२०१६ साली ठाण्याच्या घरी माझी आई गेली. वय ८४. तिने नेत्रदानाचा अर्ज भरला होता. डोळे न्यायला आलेला तरुण डॉक्टर काम आटोपल्यावर हलक्या आवाजात म्हणाला, ‘काका, त्वचादानाचाही विचार करता का? अजून वेळ आहे. मी फोन करू शकतो.’ माझा धाकटा भाऊ ताडकन म्हणाला, ‘आईला सोलायचं का?’ सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी थोरला. मला सारे ठाऊक होते. शीवच्या पेढीविषयी मी वाचलेले होते. आईच्या डाव्या हातावर लहानपणापासून पाहिलेला, चुलीवरचे आधण सांडून झालेला डाग त्या चादरीबाहेर दिसत होता. मी म्हणालो, ‘नको, राहू दे.’ डॉक्टरने मान डोलावली आणि तो गेला.

१९८७ साली मी विचारले नाही, कारण नियमात बसत नव्हते. २०१६ साली नियमात सारे बसत होते. शरीराच्या ऊती देण्याची तरतूद कायद्यात २०११च्या दुरुस्तीने आली होती, दार उघडे होते, माणूस दारात उभा होता. तरी मी नाही म्हणालो, कारण चार लोक पाहत होते. दोन्ही वेळा मी जबाबदार अधिकाऱ्यासारखा वागलो. दोन्ही वेळा कुणाच्या तरी अंगावर घालायचे पांघरूण माझ्या हातात होते, असे आता वाटते.

सांगायचे तात्पर्य, बशीतल्या पेशींचा अभ्यास झाला पाहिजे, आपल्या देशात झाला पाहिजे, आणि त्याला पैसा मिळाला पाहिजे. पण त्या अभ्यासाकडे आपण जादू म्हणून पाहू लागलो, की आपल्या वाट्याची दोन कामे आपण टाळू शकतो. एक, आग का लागली हे विचारणे. दोन, आपल्याजवळ आहे ते देणे. ही दोन्ही कामे कोणतीही प्रयोगशाळा आपल्यासाठी करणार नाही.

गेल्या महिन्यात मी त्वचादानाचा अर्ज भरला. अशा अर्जापेक्षा घरच्यांची संमती महत्त्वाची असते, म्हणून भावाला बोलावून घेतले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘दादा, आईच्या वेळी तू बोलला असतास तर मी ऐकलं असतं.’ मी काही उत्तर दिले नाही. अर्ज त्याच्यापुढे सरकवला. साक्षीदाराच्या जागी त्याने सही केली, आणि थोड्या वेळाने विचारले, ‘अजून एक कोरा अर्ज आहे का?’